एक्स्चेंजवाल्या काकूंना, कॅसेटींच्या गठ्ठ्यासह

तीर्थस्वरूप काकूंस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघडपणे लिहितोय, तुम्हाला विचारूनच. नाव घालायचं नाही ही तुमची अट मान्य. ‘टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बाई, एवढं पुरे,’ असं तुम्ही म्हणालात, तर तेवढंच.

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी कॅसेटींचा गठ्ठा आणला तेव्हा घरात कुणालाच त्याचं कौतुक नव्हतं. टीव्हीला जोडायच्या त्या नव्वदच्या दशकातल्या पिवळ्या व्हिडिओ गेम कॅसेटी आणि त्यांच्यात मिसळलेल्या गेमबॉयच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या मशीनच्या, चारदोन. कुणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या. धूळ, झुरळांची घाण, कुबट वास. त्यात आपली रत्नागिरीची पावसाळी हवा, म्हणजे इथे आणल्यावर उरलंसुरलं तांबंही हिरवं पडणार. तुम्ही जिन्यात गठ्ठा पाहिलात आणि पहिला प्रश्न विचारलात, “मशीनमध्ये घातल्यास का यातल्या?” नाही म्हटल्यावर म्हणालात, “मग ठीक आहे. वर जाऊ नकोस, इकडेच ये.”

त्या प्रश्नातच अर्धी विद्या होती. कॅसेटी अनेक, पण मशीनचा कनेक्टर, म्हणजे कॅसेट खोचायची खाच, एकच. मळकी कॅसेट एकदा आत सरकवली की तिची घाण त्या बारीक स्प्रिंगांवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक स्वच्छ कॅसेटला लागते. कॅसेट उघडून पुसता येते. कनेक्टरच्या खाचेत बोट जात नाही. म्हणून ‘लावून तर बघू, नाही चालली तर साफ करू’ हा सगळ्यांचा क्रम तुम्ही उलटा केलात. तुमच्या एक्स्चेंजमध्ये चपला बाहेर काढून आत जावं लागायचं, एसी बंद पडला तर साहेबापर्यंत फोन जायचे, आणि त्याआधीच्या काळात रिलेचे, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट साफ करणं हे रोजचं काम होतं. धूळ, दमट हवा आणि माणसाचा घामट हात, निम्मे फॉल्ट या तिघांचे, हे तुमचं वाक्य मी कपाटाच्या दाराला चिकटवलंय.

उघडायचं शिकवलंत तो भाग मला सगळ्यात आवडला. पिवळ्या कॅसेटी साध्या चौफुली स्क्रूच्या किंवा नुसत्या खटक्याच्या. गेमबॉयच्या कॅसेटीला मात्र वेगळाच स्क्रू, ३.८ मिलिमीटरचं खास बिट लागतं. पेनची नळी वितळवून त्यावर दाबायची आणि तिचाच स्क्रूड्रायव्हर करायचा, हा जुगाड मी सुचवला तर तुम्ही चष्म्यावरून असं पाहिलंत की मी गुपचूप बिट मागवलं. आत काय दिसतं तेही तुम्हीच दाखवलंत: पिवळीच्या पोटात सुटी चिप नाहीच, सर्किट बोर्डावर थेट सिलिकॉन आणि वर काळ्या इपॉक्सीचा गोळा. ‘९९९९ इन १’ म्हणून विकलेल्या कॅसेटीतही तोच एक गोळा, आणि खेळ मोजकेच, यादीत नावं बदलून पुन्हा पुन्हा आलेले. गेमबॉयच्या खऱ्या कॅसेटीत व्यवस्थित चिपा आणि बोर्डावर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. त्यामुळे साफसफाईच्या निमित्ताने पोकेमॉन या खेळाच्या बनावट कॅसेटीही पकडल्या गेल्या. विकणाऱ्याला ते माहीत असेल असं मला तरी वाटत नाही.

मग साफ करणं. आधी कोरडा ब्रश. ओलं नंतर, नाहीतर धुळीचा चिखल होतो. नंतर ९९ टक्के आयपीए, म्हणजे मोबाइल रिपेअरिंगवाले वापरतात तेच आयसोप्रोपिल अल्कोहोल. घरात कोविडपासून पडून असलेली सॅनिटायझरची बाटली मी पुढे केली होती, ती तुम्ही बाजूला सारलीत: त्यात पाणी असतं आणि हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीनही घातलेलं असतं, ते मागे चिकट राहतं. कापसाची काडी ओलसर, निथळती नव्हे. बोर्डाच्या काठावरच्या सोनेरी कॉन्टॅक्ट पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने, आतून काठाकडे, आडवं घासायचं नाही. काडी काळी झाली की फेकायची, दुसरी घ्यायची. ती पांढरीच्या पांढरी निघाली की थांबायचं. खोलीत निरांजन लावलेलं होतं, ते तुम्ही आधी देवघरात नेऊन ठेवलंत. आयपीए झटकन पेट घेतं हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

थांबायचं कुठे, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला इतर कुणी सांगितलं असतं असं वाटत नाही. जो तो जास्त घासायलाच शिकवतो. पॉलिश पेपर, पितळेचं पॉलिश, चाकूचं टोक. त्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, मायक्रॉनच्या हिशोबातला. खाली निकेल, त्याखाली तांबं. तुम्ही म्हणालात, पातेल्याची कल्हई घासून काढलीस तर पातेलं चकचकीत दिसेल, पण त्यात ताक ठेवता येणार नाही. काडीने न गेलेल्या डागावर तुम्ही पांढरं खोडरबर चालवू दिलंत, तेही हलक्या हाताने, आणि चुरा ब्रशने झाडून पुन्हा आयपीए. कॉम्प्युटरवाले रॅमला खोडरबर मारतात तसंच. लाल-निळ्या खोडरबराची निळी बाजू मात्र नाही, तिच्यात शाई खरवडणारी रेव असते.

आणि ती फुंकर! गल्लीतलं प्रत्येक पोर कॅसेट काढून फुंकायचं आणि प्रत्येकाला वाटायचं की फुंकरीनेच चालली. तुम्ही म्हणालात, चालली ती काढून परत लावल्यामुळे. स्प्रिंग दुसऱ्या जागी टेकली, कॉन्टॅक्ट मिळाला. फुंकरीने आत गेली ती थुंकी.

न्यू जर्सीतल्या आतेभावाला मी हे सगळं कळवलं. त्याच्याकडे अमेरिकेत १९८५ साली आलेलं ते करडं खोकं आहे, एनईएस, म्हणजे निन्टेन्डोचं टीव्हीवर खेळायचं मशीन. दिवा लुकलुकतो, पडदा उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. तुम्हाला फोनवर लक्षण सांगितलं तर तुम्ही आधी विचारलंत, “आत दोन टोकं एकमेकांशी बोलतायत का?” आणि खरोखरच तसंच निघालं. त्या मशीनमध्ये एक कुलूपचिप आहे, तिची जोडीदार कॅसेटीत. दोघींचं संभाषण तुटलं की मशीन साधारण सेकंदाला एकदा स्वतःला रीसेट करत राहतं. कॉन्टॅक्ट मळके, म्हणून संभाषण तुटलेलं. आपल्याकडची मशीनं फॅमिकॉमच्या, म्हणजे त्याच मशीनच्या जपानी भावंडाच्या, वळणाची, ६० पिनांची, त्यांत हे कुलूप नाही. अमेरिकन ७२ पिनांचं आणि कॅसेट आडवी सरकवून खाली दाबायची, म्हणून स्प्रिंगाही लवकर सैल होतात. भावाने कॅसेटी आणि कनेक्टर दोन्ही साफ केले. सध्या तो ऑफिसच्या वेळेतही खेळतो असा वहिनींचा निरोप आहे.

त्याच भावाने एक शंका काढली होती, ती इथे लिहितो कारण अनेकांना पडेल. एनईएसच्या कॅसेटीच्या पाठीवर चक्क छापलंय की बेन्झिन, थिनर, अल्कोहोल यांनी साफ करू नका. तुम्ही ते वाचून हसलात आणि म्हणालात, कंपनी लहान मुलांच्या घरात माल विकते, ती दुसरं काय छापणार. पण छापलेलं अगदीच सोडून दिलं नाहीत. लेबलवर आणि बाहेरच्या प्लास्टिकवर थेंबही पडू द्यायचा नाही, कवच आधी वेगळं करायचं आणि ते साबणाच्या पाण्याने धुवून पंख्याखाली वाळवायचं, हा नियम तिथूनच आला. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर घरातच नको.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, उलट खारे दाणे दिलेत. त्याबद्दल वेगळे आभार मानले तर रागवाल, म्हणून मानत नाही.

एक काम राहिलंय. पोकेमॉन गोल्डची जी खरी कॅसेट निघाली, तिची बॅटरी संपली आहे. खेळ चालतो, पण बंद केला की सगळं पुसलं जातं, आतलं घड्याळही पुन्हा शून्यावर. सीआर२०२५ लागते, तीही पत्र्याच्या पट्ट्या जोडलेली, कारण नुसत्या सेलवर डाग द्यायला तुम्ही बजावून मनाई केली आहे. मुंबईला गेलेल्या मित्राने लॅमिंग्टन रोडवरून दोन आणल्या आहेत. रविवारी तुमची वामकुक्षी झाली की येतो. सोल्डरिंग तुम्ही करा, बॅटरी मी धरतो. धन-ऋण बाजू तेवढी पुन्हा एकदा दाखवा.

काकांना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

आपला,
वरच्या मजल्यावरचा