बाबांच्या बॅगेचा टॅग न फाडता सोडवून देणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यातलं कार्ड उलटं फिरलं होतं आणि त्या गडबडीत मला विचारायचं सुचलं नाही, दीड महिना झाला ती रुखरुख जात नाहीये, म्हणून शेवटी हे असं जाहीर लिहितेय. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, मुंबई विमानतळाचं टी-टू टर्मिनल, रात्रीचे बारा वाजत आलेले, आणि तुम्ही चेक-इनच्या बेल्टपाशी बॅगा चढवत होतात. मरून रंगाची मोठी बॅग, हँडलला हिरव्या साडीचा जरीचा काठ बांधलेला, आणि शेजारी साडीवर स्पोर्ट शूज घातलेली माझी आई. आठवतंय का बघा. तुमच्या हाताखालून रोज किती बॅगा जात असतील, नाही आठवलं तरी चालेल, आम्हाला आठवतंय.

आधी त्या बॅगेची गोष्ट सांगते, नाहीतर तुम्ही काय केलंत ते तुम्हालाच कळायचं नाही.

२०२२ च्या जूनमध्ये आई-बाबा क्रूझला गेले होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही भावंडांनी पैसे काढून पाठवलं. बार्सिलोनाहून जहाज, मग मार्सेय, जिनोआ, चिव्हितावेक्किया म्हणजे रोमचं बंदर, सात रात्री. बाबांनी आयुष्यभर मिरजेत नोकरी केली, समुद्र बघितला तो गणपतीपुळ्याचा. त्यांनी त्या जहाजावरच्या फॉर्मल नाईटसाठी, म्हणजे सगळे नटून जेवायला येतात त्या रात्रीसाठी, खास सूट शिवून घेतला, आईने पैठणी काढली, आणि दोन्ही त्या एकाच बॅगेत गेलं. तिकिटं एजंटने काढली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या पीएनआरवर, मध्ये विमान बदलायला लेओव्हर सव्वा तासाचा, आणि बार्सिलोनाला उतरायचं त्याच दिवशी संध्याकाळी जहाज सुटणार. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा आम्हाला काय कळत होतं, एजंट म्हणाला बॅग थेट जाईल, काउंटरवर पण तेच सांगितलं, बाबांनी दोनदा विचारलं होतं हो. दोनदा.

बॅग आली नाही. बार्सिलोनाच्या पट्ट्यावर शेवटची बॅग जाईपर्यंत दोघं उभे राहिले. तक्रारीच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता एक कागद दिला, म्हणाला जहाजावर पाठवू. जहाज काय थांबतं का कोणासाठी? मार्सेयला नाही आली, जिनोआला नाही आली, रोमला बाबा बंदरावर तास दीड तास बसून राहिले, रोम बघायला गेलेच नाहीत, बॅग आली तर घ्यायला कोणी असावं म्हणून. सात दिवस बाबा जहाजावरच्या दुकानातून घेतलेल्या दोन टी-शर्टवर राहिले. बीपीच्या गोळ्यासुद्धा त्याच बॅगेत होत्या, जहाजाच्या डॉक्टरकडून घ्याव्या लागल्या. फॉर्मल नाईटला दोघं वरच्या मजल्यावर बुफेत जेवले, खाली नटून आलेल्या लोकांत जायची लाज वाटली म्हणून. हे आईने मला दोन वर्षांनी सांगितलं, बाबा गेल्यावर.

बॅग एकोणिसाव्या दिवशी घरी आली. कुरियरवाला मिरजेच्या घरी ठेवून गेला. सुटाच्या खिशाचे कच्चे टाकेही उसवलेले नव्हते. बाबांनी तो सूट नंतर कधीच घातला नाही.

एजंट म्हणाला माझ्या हातात काही नव्हतं. एका कंपनीने दुसरीकडे बोट दाखवलं आणि दुसरीने पहिलीकडे. हेल्पलाइनवर नंबर दाबून दाबून बोटं दुखायची. नातेवाईक म्हणाले कपड्यांचंच ना, एवढं काय. बॅग उशिरा मिळाली तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते, विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारातच आहे ते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, माझंच चुकलं, मी मध्ये उतरल्यावर नीट विचारायला हवं होतं. एक साधा माणूस, ज्याने सगळ्यांना विचारून विचारून प्रवास केला, तो स्वतःला दोष देत गेला. २०२४ मध्ये बाबा गेले.

ह्या वर्षी मी आईला म्हणलं चल, तीच क्रूझ करू. ती तयारच नव्हती. मग तयार झाली तर म्हणाली तीच बॅग न्यायची. मी ह्यावेळी सगळं शिकून घेतलं होतं, एकाच पीएनआरवर तिकीट, साडेतीन तासांचा लेओव्हर, जहाजाच्या आदल्या दिवशी बार्सिलोनात पोचायचं, बॅगेत ट्रॅकर, बॅगेचा फोटो, आणि आत सगळ्यात वर एक कागद, त्यावर जहाजाचं नाव आणि कुठल्या तारखेला कुठलं बंदर. गोळ्या केबिन बॅगेत. माझे आणि आईचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे, म्हणजे एक हरवली तरी दोघींना काहीतरी घालायला राहील. जहाजाचे छापील टॅगसुद्धा बंदरावरच लावायचे ठरवलं होतं, विमानात फाटून जातात म्हणून. मला वाटलं आता काही राहिलं नाही.

राहिलं होतं. २०२२ चा टॅग हँडलला तसाच होता. बाबांचं नाव छापलेला. आईने तो तीन वर्षं काढू दिला नव्हता, त्याच्यावर नंतर, मागे राहिलेली बॅग परत पाठवताना लावलेला रश लिहिलेला दुसरा टॅग आणि बाजूला चिकटवलेले बारकोडचे ते छोटे स्टिकरसुद्धा. मी घरी म्हणलं होतं काढूया, तर तिने विषय बदलला, आणि मला जोर करवला नाही.

काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या जुने टॅग काढा. बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी कात्री पुढे केली आणि आईने त्या टॅगवर तळहात ठेवला. काही बोलली नाही, नुसता हात ठेवला. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी म्हणालं अरे चलो यार, मला घाम फुटला, आईला ओरडायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं.

तेवढ्यात तुम्ही बेल्टच्या पलीकडून आलात आणि खाली बसलात. "घाई नाही आजी. मी सोडवतो. फाटणार नाही." बस, एवढंच बोललात.

आणि मग तुम्ही नखाने तो टॅग सोडवायला लागलात. तीन वर्षांचा वाळलेला गोंद, तो कागद दगडासारखा झालेला. तुम्ही कडेपासून हळूहळू, आईस्क्रीमच्या कपाचं झाकण उचकटतात ना तसं, थोडं ह्या बाजूने थोडं त्या बाजूने, मध्ये फुंकर मारत. चार मिनिटं तरी लागली असतील. एकदा कोपरा फाटेल असं वाटलं तेव्हा थांबलात आणि दुसऱ्या टोकाने सुरू केलंत. बाबांचं नाव होतं त्या जागेला बोट लावलं नाहीत. मी बघत होते. मग ते छोटे स्टिकर खरवडून काढलेत, ते मात्र गेले, त्याला इलाज नव्हता. आईला सांगितलंत की मशीन हा दहा आकडी नंबर वाचतं, दोन नंबर दिसले की गोंधळतं आणि बॅग बाजूला पडते. तिला एका वाक्यात कळलं. मी एवढा अभ्यास करून तिला हे समजावलं नव्हतं, फक्त काढूया काढूया म्हणत राहिले.

मग टॅग सरळ करून तुम्ही वाचलात. आणि मोठ्या तीन अक्षरांवर अंगठा ठेवून म्हणालात, "आजी, ह्याच्यावर बार्सिलोना नव्हतंच. हा मधल्या एअरपोर्टपर्यंतचाच टॅग आहे. तिथेच राहिली असणार." आईने विचारलं, मग ह्यांचं चुकलं होतं का? तुम्ही म्हणालात, "काकांचं कसं चुकेल? टॅग लावला त्याने सांगायला पाहिजे होतं."

दादा, तीन वर्षांत हे वाक्य आम्हाला कोणी म्हणलं नव्हतं. एजंट नाही, दोन कंपन्यांची ती सगळी ईमेलं नाहीत, मी पण नाही. मला सुचलंच नाही तो टॅग वाचायचं. तुम्ही अर्ध्या मिनिटात वाचलात. तुम्ही टॅगची घडी घालून आईच्या हातात दिलीत, म्हणालात पर्समध्ये ठेवा, बॅगेवर नको. आणि नव्या टॅगवरची तीन अक्षरं तिला एकेक करून दाखवलीत, बी, सी, एन, हे तुमचं बार्सिलोना. मग बॅग उचलून बेल्टवर ठेवलीत, टाकली नाहीत, चाकं खाली येतील अशी ठेवलीत, आणि पुढच्या बॅगेकडे वळलात. मी थँक्यू म्हणलं ते तुमच्यापर्यंत पोचलं की नाही माहीत नाही.

आई सिक्युरिटीच्या रांगेत रडली. मग म्हणाली, आजीच्या डब्यासारखं झालं. बाबा सांगलीला कॉलेजला होते तेव्हा आजी गावाहून रोज एसटीने डबा पाठवायची, फडक्यात बांधून, आणि कंडक्टर स्टँडवर उतरून तो बाबांच्या हातात द्यायचा. त्याला कोण पैसे देत होतं त्याचे? बाबा तो किस्सा हजारदा सांगायचे, की एकदा पूर आला, गाडी चार तास लेट, तरी कंडक्टरने डबा आणून दिला, आणि वर म्हणाला आमटी सांडलीय रे थोडी, आईला सांगू नको. आपल्याकडे अशी माणसं होती आणि अजून आहेत, फक्त ती खिडकीच्या आत खुर्चीवर बसलेली क्वचित सापडतात, बहुतेक वेळा ओझं उचलणाऱ्यांत सापडतात. मला हे मनापासून वाटतं. नंतर मी वाचलं की २०२४ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे सहाच्या वर बॅगांचा घोळ झाला, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ४१ टक्के, विमान बदलतानाचा. उरलेल्या सगळ्या बॅगा नीट पोचतात त्या कोणाच्या हातांनी पोचतात हे मात्र त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

बॅग पोचली. मधल्या एअरपोर्टवर आई दर दहा मिनिटांनी माझा फोन मागत होती, ट्रॅकरने बॅग तिथेच कुठेतरी दाखवली तेव्हा जरा शांत झाली, आणि बार्सिलोनाच्या पट्ट्यावर तो हिरवा काठ दिसला तेव्हा तिने सगळ्यांसमोर हात जोडले. बॅगेला की तुम्हाला ते विचारलं नाही मी. आदल्या दिवशी पोचल्यामुळे रात्री रांब्ला रस्त्यावरून कोलंबसाच्या पुतळ्यापर्यंत चालत गेलो, तिथून बंदर दिसतं. बाबांना हे काहीच बघायला मिळालं नव्हतं, ते विमानतळावरून धावत थेट जहाजावर.

तिसऱ्या रात्री फॉर्मल नाईट होती. आईने पैठणी नेसली. खाली मुख्य हॉलमध्ये बसून जेवली, व्हेज थाळी काही खास नव्हती पण तिने सगळी संपवली. जहाजाच्या फोटोग्राफरने जिन्यावर फोटो काढला तेव्हा तिने पर्स हातात घट्ट धरली होती, तो म्हणत होता बाजूला ठेवा, तिने ठेवली नाही. पर्समध्ये टॅग होता.

परत आल्यावर ती म्हणाली त्या पोराला भेटून येऊ. पण आम्ही उतरतो खालच्या मजल्यावर आणि तुम्ही वर डिपार्चरला, तिकिटाशिवाय वर सोडत नाहीत, गेटवर जवानांना सांगून बघितलं, ते तरी काय करणार, नाव नाही नंबर नाही. तुमच्यासाठी तिने बार्सिलोनाहून तुरॉनचं पाकीट आणलंय, मध आणि बदामाची वडी असते, चिक्कीची चुलत बहीण म्हणा. मी म्हणलं होतं कुठे ओझं वाढवतेस, तर म्हणाली त्याने किती वेळ दिला आपल्याला.

दादा, हे तुमच्यापर्यंत पोचलं, किंवा तुमच्या बरोबरच्या कोणी वाचून ओळखलं, तर नक्की कळवा. आम्ही डोंबिवलीत असतो, आई सध्या माझ्याकडेच आहे. पाकीट कपाटावर ठेवलंय, माझ्या मुलाने दोनदा मागितलं, आई फोडू देत नाही.

तुमची,
मरून बॅगवाली ताई