मोडी वह्या वाचवा

संपादक महोदय,

२०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि आजोबांच्या गूळ अडतीच्या मोडी लिपीतल्या वह्यांचा लगदा झाला. कुठल्या गावचे किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आले, सौद्यात दर काय निघाला, सगळं त्यांत होतं. ते अजून मनाला लागतं.

शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात छापील पुस्तकांबरोबर हस्तलिखितंही जपलेली आहेत. विद्यापीठानं आता पेठांमधल्या घराघरांत यावं, असे कागद मागावेत. मालक देत नसेल तर निदान स्कॅन करून परत द्यावेत. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

माझ्याकडे माळ्यावरच्या तीन वह्या कोरड्या राहिल्यात. कुणी आलं तर आजच देईन.

— एक निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी, कोल्हापूर