मंत्रीमहोदय, शाल पुरे, मानशीचे दार द्या

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पर्यावरणदिनी आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाला आपण शाल-श्रीफळ दिलेत. आभार. त्याच व्यासपीठावरून म्हणालात, ‘पुढच्या पावसाआधी मानस दुरुस्त करतो.’ मानस म्हणजे आमच्या खाजनाच्या, नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, बांधातली दाराची मोरी. पाऊस लागला. दार कुजलेलेच आहे, वर बांधाला खांड (भगदाड) पडली.

मानशीचे दार भरतीच्या दाबाने आपसूक मिटते, ओहोटीला उघडून पोंयीतले, म्हणजे शेताच्या आतल्या पाणवाटेतले, पाणी नदीत सोडते. यात वीज लागत नाही, टेंडर लागत नाही. पण खालची फळी कुजली आणि चार बोटांची फट पडली की दर भरतीला खारे पाणी शेतात. मानशीतल्या मासळीचा लिलाव घेणारे तर दार मुद्दाम उघडे ठेवतात. सुंगटे (कोळंबी) वाढली की झाले. कोरगुट हा आमचा खाजनातला भात खारटपण सोसतो खरा, पण पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन ओहोटीला बाहेर गेले तरच.

खांड बुजवायची ती भांगाला, अष्टमीच्या आसपास, भरती लहान असताना. चिखल आणि पेंढा थराथराने तुडवायचा, नदीच्या बाजूने चिरे लावायचे. आपल्या ठेकेदाराने पौर्णिमेच्या उधाणात ट्रकभर लाल माती ओतली. दुसऱ्या भरतीला माती नदीत, बिल मात्र 31 मार्चच्या आत मंजूर! आता म्हणे काँक्रीटची भिंत. मऊ चिखलात ती खचणार आणि पाणी खालून वाट काढणार. आणखी दोन-चार वर्षे गेली की शेतात खारफुटी माजेल. ती तोडायला कायद्याची बंदी. मग शेतकऱ्याने जमिनीचा एक-चौदाचा उतारा बघत बसायचे का?

स्वयंसेवक पदरच्या पेट्रोलने येऊन बांधातली खेकड्यांची बिळे बुजवतात, आणि विकासविरोधी कोण, तर तेच. गोव्यात 18,000 हेक्टर खाजन आहे म्हणतात. त्यातले पिकते किती, ते आपल्या खात्याने सांगावे. 2002च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीला जैवविविधता समिती दिली. 191 पंचायतींपैकी कितींच्या समितीत यंदा चहा तरी झाला? म्हादईचा व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा, असे न्यायालयाने 2023च्या जुलैत सांगितले, तर सरकार वकील घेऊन दिल्लीला धावले. तेवढ्या लगबगीने बांधावर कोणी आले नाही.

येत्या अष्टमीपूर्वी दोन जाड फळ्या, बिजागऱ्या आणि चिखल तुडवायला दहा माणसे पाठवा. आपली शाल सध्या फटीत कोंबली आहे. गळतेच आहे.

आपला,
कार्यकारी मंडळाचा एक सदस्य, तिसवाडी