डाळ सोडलीस, उसाचा रस नाही

प्रिय दिन्या,

तुझा रिपोर्ट पाहिला. युरिक अ‍ॅसिडच्या 8.2 भोवती लाल पेनाने गोल केलायस आणि बाकीच्या आकड्यांकडे ढुंकूनही बघितलेलं नाहीस. वहिनींचा फोन आला होता. घरात तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, आणि साहेब रोज संध्याकाळी स्टेशनबाहेर उसाच्या रसाचा मोठा ग्लास रिचवतात, 'नॅचरल' म्हणून! फोनवर सांगायला गेलो की तुझी लोकल येते, म्हणून हे लिहूनच काढतोय.

आधी डाळीची सुटका करू. शरीरातलं बरंचसं युरिक अ‍ॅसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून तयार होतं. खाण्यातून येतो तो साधारण एक तृतीयांश. अमेरिकेत सुमारे 47 हजार पुरुषांवर 12 वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2004 साली आला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साचून सांधा (बहुधा पायाचा अंगठा) सुजण्याचा आजार, जास्त झाला, प्युरीन (ज्याचं शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं ते) असलेल्या भाज्या-कडधान्यं खाणाऱ्यांना नाही, आणि दूध-दही खाणाऱ्यांना उलट कमी झाला. तेव्हा वरण-भात निवांत खा. तारली, कलेजी, तिसऱ्या यांच्यावर मात्र हात आखडता घे. आणि शनिवारची ती बिअर! तिच्यात प्युरीन असतंच, शिवाय दारूमुळे मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडणंही मंदावतं.

आता रसाकडे येतो. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. उसाच्या रसातली असो की कोल्ड्रिंकमधली, यकृताला फरक कळत नाही. फ्रुक्टोज आलं की यकृत ते झपाट्याने कामाला लावतं, आणि त्या पहिल्याच पायरीवर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची पडतं. या पायरीला ब्रेक नाही. ग्लासभर रस घटाघट प्यायलास तर एटीपी भराभर संपतं आणि त्याचा जो चुरा उरतो त्याचं शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं. त्याच यकृतात त्याच फ्रुक्टोजची चरबीही बनते. तुझं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 236 आहे, पाहिलंस का?

आमच्या लॅबमध्ये हे रोज दिसतं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की वरचं सीरम फिकट पिवळं, पारदर्शक असायला हवं. काही ट्यूबांत ते दुधाळ असतं, मागे धरलेलं बोट दिसत नाही. म्हणजे रक्तात चरबी तरंगतेय. अशा माणसाचं युरिक अ‍ॅसिडही बऱ्याचदा वरच निघतं. आणि गंमत बघ, ते मोजायला आम्ही युरिकेज नावाचं एन्झाइम वापरतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगात ते असतं, युरिक अ‍ॅसिडचे आणखी तुकडे करून टाकतं. माणसाच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी ते गमावलं. गल्लीतल्या मांजराकडे जे आहे ते तुझ्याकडे नाही, म्हणून आम्ही ते बाटलीत विकत आणतो, तुझ्या सीरममध्ये घालतो आणि रंग किती चढला ते मशीनवर वाचतो.

आवक झाली, आता जावक. युरिक अ‍ॅसिडचा सुमारे दोन तृतीयांश भाग लघवीवाटे जातो. पोटावर चरबी साठली की इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, मग स्वादुपिंड ते जास्त सोडतं. आणि रक्तात इन्सुलिन वाढलं की मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्याऐवजी परत आत ओढून घेतं. म्हणून नुसता ताटातला पदार्थ बदलून हा आकडा फारसा हलत नाही.

'मी कुठे जाडा आहे?' हे तू म्हणणारच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपण बारीक दिसतो, इतकंच. टेप आण आणि श्वास न ओढता कंबर मोज. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंटिमीटर. कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुझी साखर 108, एचडीएल 36, आणि ट्रायग्लिसराइड तर सांगितलंच. कंबर न मोजताच तू पास झालायस.

मग युरिक अ‍ॅसिड हाच गुन्हेगार का? यावर डॉक्टरांतही दोन तट आहेत. फ्रुक्टोज खिलवलेल्या उंदरांचं युरिक अ‍ॅसिड उतरवलं तेव्हा त्यांची बाकीची लक्षणंही सुधारली. 2008 साली बीपी असलेल्या 30 पोरांना युरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी अ‍ॅलोप्युरिनॉल देऊन पाहिलं, तर बीपी उतरलं. त्यावर बरीच हवा झाली. पण पुढे 2020 मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत आणि 2022 मध्ये ब्रिटनमधल्या हृदयरुग्णांवरच्या चाचणीत त्याच गोळीने काही साधलं नाही. जनुकांवरून केलेले अभ्यासही डायबेटिसचं खापर युरिक अ‍ॅसिडवर फोडायला फारसे तयार नाहीत. गाऊट आणि मुतखड्यांपुरता तो थेट आरोपी आहेच. बाकी बाबतीत मला तो खबऱ्या वाटतो. खबऱ्याला आत टाकून चोऱ्या थांबत नाहीत.

म्हणून ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी दिलेली अ‍ॅलोप्युरिनॉलच्या गोळ्यांची स्ट्रिप परत कर. तुझा अंगठा कधी सुजलेला नाही, मुतखडा झालेला नाही. अशा माणसाला निव्वळ आकड्यासाठी गोळी देऊ नये, असंच अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2020 च्या सूचनांचं म्हणणं आहे. शिवाय अ‍ॅलोप्युरिनॉलची क्वचित एखाद्याला त्वचेवर भयंकर रिअ‍ॅक्शन येते. हा उसन्या गोळ्यांचा विषयच नव्हे.

सात दिवस नुसत्या पाण्यावर राहायचा बेतही रद्द कर. कडक उपासात रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढतात, ते मूत्रपिंडात युरिक अ‍ॅसिडची वाट अडवतात आणि आकडा उलट चढतो. वजन हळूहळू उतरव. स्टेशनापासून रिक्षा सोडून चालत जा, बस झालं.

आणखी एक. तुझ्या बीपीच्या गोळीच्या नावामागे 'एच' आहे का बघ. असला तर बहुधा त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असेल, आणि त्यानेही युरिक अ‍ॅसिड चढतं. लोसार्टनने उलट थोडं उतरतं. पण आपल्या मनाने काही बंद करू नकोस, बीपी उसळेल. डॉक्टरांना नुसतं विचार. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) दिसत नाही, तेही करून घे. यकृताचं एएलटी नावाचं एन्झाइम वाढलेलं आहे, म्हणून पोटाच्या सोनोग्राफीचंही विचार. फॅटी लिव्हर निघालं तर मला नवल वाटणार नाही.

तीन महिन्यांनी सगळं परत करू. सकाळी उपाशीपोटी आमच्याकडेच ये, सुई मी स्वतः टोचीन.

वहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या