आधी ऊब, मग औषध

अमळनेर
जानेवारी

प्रिय शैला,

तुझं पत्र मिळालं. कोंबडीची पिल्लं आणलीस ते छान केलंस. त्यातली काही पंख पाडून, डोळे मिटून उभी राहतात म्हणून तू घाबरलीस, तेही साहजिक आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण तू दर वाक्याला मधेच नवा प्रश्न विचारतेस. म्हणून सविस्तर लिहिते.

औषधाची बाटली शोधण्याआधी पिल्लू हातात घे आणि त्याचे पाय तुझ्या गालाला लावून बघ. गार लागले तर ते गारठलंय. आपल्याकडचा हा महिना मोठा फसवा. दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे दात वाजतात. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, स्वतःला उबदार ठेवणं त्याला अजून जमत नाही. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी केली तरी चालते. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लांकडे बघितलं की कळतं. बल्बखाली एकमेकांवर चढून केकाटत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. बल्ब दोरीला टांग, म्हणजे वर-खाली करता येतो. मात्र जुना पिवळा बल्बच हवा, एलईडीचा नुसता उजेड पडतो. लाईट गेली तर बाटलीत गरम पाणी भर, फडक्यात गुंडाळ आणि खोक्यात ठेव. वरून पोतं टाकशील तेव्हा हवेला फट ठेव.

गारठलेल्या पिल्लाला लगेच दाणा चारायला जाऊ नकोस. आधी ते गरम होऊ दे, मग कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून दे. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा, ते आपलं आपण गिळतं. चोच उघडून पाणी ओतलंस तर ते फुप्फुसात जातं आणि बरं होणारं पिल्लूही दगावतं.

शेपटीखाली बघितलंस का? तिथे विष्ठा वाळून बूड बंद होतं आणि पिल्लू कुंथून कुंथून मरतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून ते हळूहळू मऊ कर. ओढू नकोस, पिसांबरोबर कातडी निघते. त्याच्या जरा पुढे, पोटाकडे, बेंबीची खपली असते, तिला हात लावायचा नाही. मग नीट कोरडं करून बल्बखाली सोड. माझं हे काम चाललेलं असलं की सासूबाई ओसरीवरून म्हणतात, "काय व माय, इतला लाड!" आणि दुपारी मी नसले की बल्ब चालू आहे ना हे स्वतःच बघून येतात.

विष्ठेत रक्त दिसलं तर मात्र ती रक्ती हगवण. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ती जास्त होते आणि त्यांच्याखालचं अंथरूण ओलं असलं की झपाट्याने पसरते. डॉक्टर बहुधा पाण्यातून द्यायला अँप्रोलियम देतील. त्या दिवसांत दुकानदाराने भरीला दिलेलं बी जीवनसत्त्वाचं टॉनिक पाजू नकोस. त्यातल्या बी-१ सारखं रूप घेऊनच हे औषध त्या जंतूची उपासमार करतं, दोन्ही एकदम दिली की औषधाचा जोर जातो. आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या कुटून घालायच्या नाहीत, कोणी कितीही छातीठोक सांगो. खाली साळीचा तूस किंवा भुईमुगाची टरफलं टाक, ओली झाली की बदल. नुसता पेपर अंथरला तर पाय घसरून फाकतात.

मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, औषधच नाही, लसच टोचावी लागते म्हणतात, पण पिल्लांना टोचावंही लागत नाही. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब टाकला की झालं. लस निरोगी पिल्लालाच द्यायची आणि बर्फातच आणायची. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते, म्हणून शेजारणींना आधीच गाठ.

भाऊजींना बर्ड फ्लूची धास्ती आहे, त्यांना हसू नकोस. देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत तुमच्या नवापूरलाच सापडला आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. गावाने किती पक्षी पुरले ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. दोन-तीन पिल्लं मलूल होणं वेगळं. पण एकाएकी मोठ्या कोंबड्या भराभर मरायला लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. एरवीही पोरीला पिल्लाचे मुके घेऊ देऊ नकोस, हात साबणाने धुवायला लाव.

सगळी जगतीलच असं नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेव. आजारी पिल्लू वेगळं ठेव, पण बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल इतकंच लांब. एकटं पडलं की ते ओरडून ओरडूनच थकतं.

थंडी आहे तोवर एकदा इकडे ये. भरताची वांगी मस्त आलीत, कळण्याच्या भाकरी मी करते. येताना नवापूरची तूरडाळ आण, इथली शिजता शिजत नाही.

तुझी,
मंदा