पद्मिनी मागून दिसली पाहिजे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला ते पांढरेशुभ्र एलईडी हेडलाईट बसवू का, असं तुम्ही विचारलंत. नको. तेच पैसे आधी गाडीच्या मागच्या अंगावर घाला. तासगाव-विटा रस्त्यावर हळू चालवलं की समोरचं कसंही निभावतं. पण आपण जितके हळू, तितका मागून ऐंशीनं येणारा लवकर अंगावर येतो. त्याला तुम्ही वेळेत दिसायला हवेत. हल्लीच्या गाड्यांचे मागचे दिवे हातभर रुंद, त्याच्या नजरेला तेच सवयीचे. पद्मिनीचे शेपटीच्या टोकाला उभे, चिंचोळे. लांबून पाहणाऱ्याला पुढे गाडी आहे की मोटारसायकल, तेच पटकन उमगत नाही.

सुरुवात बल्बपासून करा. टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतात: १२ व्होल्ट, २१/५ वॅट. बल्बच्या आतली ५ वॅटची तार टेलची, २१ ची ब्रेकची. बल्बच्या बुडाला दोन खुंट्या असतात, त्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या, बल्ब उलटा बसू नये म्हणून. होल्डर झिजला असेल तर दामटून तो उलटाही बसतो. मग टेल लाईट कायम भगभगीत, आणि ब्रेक दाबला तरी मागच्याला काही फरकच दिसत नाही. जुन्या बल्बची काच आतून काळवंडलेली दिसली तर तो जळायची वाट बघू नका. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

बल्ब काढला की होल्डरच्या तळाशी पितळेचे दोन ठिपके दिसतील. त्यांच्यावर हिरवट थर चढलेला असतो, करंट तिथेच अडतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, बारीक पॉलिश पेपर पेन्सिलीच्या मागच्या टोकाला गुंडाळा आणि ठिपके पिवळेधमक होईपर्यंत फिरवा. मग बोटानं दाबून पाहा: सोडल्यावर स्प्रिंगनं ठिपका परत वर आला पाहिजे. नाही आला तर होल्डर बदला, स्प्रिंग ओढून लांब करायच्या फंदात पडू नका. शेवटी कणभर व्हॅसलिन.

खरा चोर मात्र बहुतेक वेळा अर्थिंग असतो, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट. ओळखायची खूण सोपी आहे. टेल लाईट चालू ठेवून ब्रेक दाबल्यावर टेल लाईट आणखी मंद झाला, किंवा इंडिकेटरच्या तालावर टेल लाईटही फडफडायला लागला, तर अर्थिंग गेलेलं आहे. मीटर असेल तर दिवे लावून होल्डरचं अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.२ च्या खाली हवेत. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगचा स्क्रू सोडवा, त्याच्याखालचा रंग आणि गंज चमकता पत्रा दिसेपर्यंत खरवडा, वायरीच्या टोकाला नवं थिंबल (धातूची कडी) लावा. गाडीला नंतर रंग मारलेला असेल तर पेंटर हमखास या स्क्रूखालीही रंग मारून मोकळे झालेले असतात. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही होल्डरपासून दीड चौरस मिलिमीटरची काळी वायर काढून डिकीत एकाच जागी बोल्टला बांधायची. मग पत्र्याच्या भरवशावर राहायला नको.

लाल काचा म्हणजे खरं तर प्लॅस्टिक. कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावलात तर त्यात बारीक तडे जातात आणि ते परत निघत नाहीत. काचेमागची चंदेरी वाटी काळी पडली असेल तर तिला चकचकीत पांढरा रंग द्या, फरक लगेच दिसतो. जास्त वॅटचा बल्ब घालायचा मोह टाळा, लेन्स वितळते.

एलईडीला माझा सरसकट विरोध नाही. टेल-ब्रेकच्या जागी चांगला एलईडी बल्ब चालतो, आणि तो तापत नाही. फक्त लाल काचेमागे लालच एलईडी घ्या, पांढरा घातला की गुलाबी-फिका उजेड येतो. इंडिकेटरला मात्र जुने २१ वॅटचे बल्बच राहू द्या. जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बल्बच्या करंटनं तापून टिकटिक करतो, एलईडी तेवढा करंट ओढतच नाही, म्हणून दिवा नुसता लागून राहतो. ज्या गाड्यांत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच खुणेचा दिवा असतो, तिथे आणखी गंमत: त्या दिव्यातून करंट पलीकडच्या बाजूला शिरतो आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. डावीकडे वळणार की उजवीकडे, कोणाला कळणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, तिसरा ब्रेक लाईट. मागच्या काचेच्या आत, नजरेच्या उंचीवर. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या कारना तो सक्तीचा झाला आणि पुढे तिथल्या सरकारी पाहणीत मागून होणाऱ्या धडका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. एवढ्याशा पट्टीच्या मानानं हे पुष्कळ आहे. लाल एलईडीची पट्टी घ्या, मागच्या फळीवर काचेला अगदी चिकटून बसवा आणि पट्टी व काच यांच्यातली फट काळ्या फोमनं बंद करा. फट राहिली तर काचेवरून लाल उजेड उलटा येऊन आरशात तुमच्याच डोळ्यांवर पडेल. मग आठवड्याभरात तुम्ही ती पट्टी काढून टाकाल, मला माहीत आहे. वायर डिकीतल्या ब्रेकच्या वायरीवरून घ्यायची, जोड सोल्डर करून. नुसती पिळून टेप मारलेली जोड पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकते.

त्याच वेळी ब्रेकचा स्विचही बघून घ्यायला सांगा. आपल्या जुन्या गाडीत तो ब्रेक ऑईलच्या दाबावर चालतो. म्हातारा झाला की जास्त दाब मागतो: तुम्ही हलकेच पाय ठेवून वेग कमी करता, गाडी हळू होते, पण मागे दिवा लागतच नाही. नवा स्विच घ्या. त्यानंही दिवा उशिरा लागत असेल तर पेडलपाशी साधा मायक्रोस्विच समांतर जोडायचा, पेडल अर्धा इंच हललं की दिवा लागतो. स्विचच्या तोंडाशी ऑईल पाझरलेलं दिसलं तर गाडी बाहेर काढायचीच नाही, हा दिव्याचा प्रश्न राहिला नाही.

दिवा गेला तरी काम करतात ते रिफ्लेक्टर. मागे दोन लाल रिफ्लेक्टर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सांगितलेलेच आहेत. नंबरप्लेटच्या किंवा बंपरच्या बोल्टमध्येच पट्टी अडकवून लावा, बॉडीला भोक नको. भोकाच्या कडेनं गंज धरतो. रिफ्लेक्टर आलेला उजेड आल्या दिशेलाच परत पाठवतो, म्हणून तो सरळ मागे बघत हवा. बंपरच्या गोलाईवर वाकडा बसवला की आकाशाकडे बघत राहतो. कडेसाठी एक युक्ती: ०.८ मिलिमीटर जाडीची चुंबकी शीट आणा, तिच्यावर रिफ्लेक्टिव्ह टेप चिकटवा आणि रात्री निघताना दारांच्या खालच्या भागावर लावा. टेपचे रंग ठरलेले आहेत, मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा. घरी आल्यावर काढायचीच. खाली धूळ राहिली तर रंगावर चरे उमटतात, ओल राहिली तर त्याहून वाईट. आणि हे लक्षात ठेवा की रिफ्लेक्टरला दुसऱ्या गाडीचा उजेड लागतो. उसाच्या ज्या ट्रॉलीला धड हेडलाईटच नाही, तिच्यापुढे त्याचा काही उपयोग नाही.

हेडलाईटबद्दल थोडक्यात. पिवळा, मलूल उजेड बहुतेक वेळा बल्बचा दोष नसतो. सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्ट गळतात. व्होल्ट दहा टक्के कमी झाले की उजेड तीस टक्के कमी होतो. म्हणून डिपरला (खालच्या झोताला) एक आणि अपरला (वरच्या झोताला) एक असे दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून बल्बला थेट बॅटरीचा करंट देणारे स्विच. रिलेवर आकडे छापलेले असतात: ३० ला बॅटरीकडून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून बल्बला, ८६ ला जुनी हेडलाईटची वायर, ८५ अर्थिंगला. ६०/५५ वॅटचा साधा एच-फोर हॅलोजन यावर बघा कसा उघडतो. एलईडी बल्बमध्ये उजेडाची जागा तारेच्या जागी तंतोतंत येत नाही, त्यामुळे डूममधून (हेडलाईटच्या चकचकीत वाटीतून) तो विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डोळे दिपलेला माणूस मग आपल्याच दिशेला येत असतो. बसवून झाल्यावर भिंतीपासून २५ फुटांवर, कोणीतरी सीटवर बसलेलं असताना डिपर लावा: उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा तीन इंच खाली हवी.

गाडीला चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारा हझार्ड स्विच नसेल तर वेगळा बसवून घ्या, पण फ्लॅशर चार २१ वॅटच्या बल्बना पुरेल असा, म्हणजे ८४ वॅटचा. तो गाडी बंद पडून उभी असतानाच वापरायचा. पावसात, घाटात हझार्ड लावून चालायची जी पद्धत पडली आहे तिच्या नादी लागू नका, इंडिकेटरचा अर्थच जातो. धुक्यासाठी मागे उजव्या बाजूला एक लाल फॉग लाईट पुरे, ब्रेक लाईटपासून दहा सेंटिमीटरहून जास्त लांब, नाहीतर ब्रेक दाबलेला कळत नाही. धुकं सरलं की बंद.

वायरमनला एकच अट घाला: मूळ वायरिंग कापायचं नाही. नव्या वायरी वेगळ्या ओढायच्या, जुन्या टेप लावून जागच्या जागी ठेवायच्या. पासिंगलाही बरं आणि पुढे दोष शोधायलाही.

तुमची,
लेक

ता. क. आई, हे तुझ्यासाठी. महिन्यातून एकदा अंधार पडल्यावर बाबांना गाडीत बसव आणि तू गेटबाहेर मागे तीस पावलं जाऊन उभी राहा. टेल, ब्रेक, डावा, उजवा, नंबरप्लेटचा दिवा, असं क्रमानं लावायला सांग. ब्रेकच्या वेळी बाबांना पेडल अगदी हलकं दाबायला लाव. बाबा घरी नसतील तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये ती तुटक्या छत्रीची काठी अडकवून बघ, बरोब्बर बसते. आणि डिकीतला, गाडी बंद पडली की मागे ठेवायचा लाल त्रिकोण स्टेपनीच्या खाली नको, वर ठेव.