हिरव्या आकाशाचं कोडं सोडवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

जानेवारीत हरिश्चंद्रगडावर काढलेल्या स्लाइड घेऊन मी तुमच्याकडे आलो, तेव्हा डोकं तापलेलं होतं. वीस मिनिटं शटर उघडं ठेवून फुजीच्या वेल्विया ५० या स्लाइड फिल्मवर मृग नक्षत्र टिपलं आणि आकाश निघालं शेवाळासारखं हिरवं! डेव्हलपिंग बिघडवलं म्हणून लॅबवाल्याला चारचौघांत नको ते बोलून आलो होतो. म्हणून हे पत्रही चारचौघांतच लिहितोय.

तुम्ही स्लाइड बघायचा दिव्याचा लाइट बॉक्स लावलात आणि त्याच रोलमधली सकाळची फ्रेम भिंगाखाली ठेवलीत. कोकणकड्याचा कातळ, वाळलेलं गवत, सगळे रंग जिथल्या तिथे. "केमिकल बिघडलं असतं तर हीसुद्धा हिरवी झाली असती ना?" एवढंच विचारलंत. मला तिथेच लाज वाटली.

मग समजावलंत. अगदी मंद प्रकाशात बराच वेळ उघडी राहिली की फिल्म दमते, म्हणजे प्रकाश टिपायला कमी पडते, पण लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे तिचे तीन थर सारखे दमत नाहीत. वेल्वियात हिरव्याचा थर त्यातल्या त्यात तग धरतो, म्हणून ती झाक. फुजीच्या तक्त्यात ३२ सेकंदांसाठी हिरव्याला उतारा म्हणून साडेबारा ताकदीचा मॅजेंटा (किरमिजी) फिल्टर आणि एक स्टॉप जादा, म्हणजे दुप्पट प्रकाश, सांगितलाय; ६४ सेकंदांना तर शिफारसच नाही. मी १२०० सेकंद दिले होते! फुजीच्याच प्रोव्हिया १००एफ या फिल्मला १२८ सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती लागत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण खरी शिकवण स्कॅन करताना मिळाली. मी अख्ख्या फ्रेमवर मॅजेंटा चढवला, तर तारेही गुलाबी झाले. तुम्ही माझा हात थांबवलात. संगणकावर हिरवा रंग कमीजास्त करायची जी रेषा असते, त्या हिरव्या चॅनलच्या कर्व्हचं फक्त खालचं, गडद भागाचं टोक, जिथे रिकामं आकाश असतं, तेवढंच खाली ओढलंत. वरचं, ताऱ्यांसारख्या उजळ भागाचं टोक जागच्या जागी. "मृगातले हे दोन ठळक तारे, काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर दिसला की थांबायचं. क्षितिजावरची गावाच्या दिव्यांची पिवळट झाक पुसू नकोस, ती खरोखरच तिथे होती." इतकी वर्षं रंग दुरुस्त करायचे म्हणजे सगळं एकसारखं करायचं, असं मी धरून चाललो होतो.

काका, तुमचे मनापासून आभार. लॅबवाल्यांची माफी मागून आलो आणि प्रिंटही त्यांच्याकडूनच करून घेतली. ती सोबत पाठवतोय. आधी काक्षीची रेघ बघा आणि जमलीय का ते कळवा.

तुमचा,
मृगवाला पोरगा